आईचा खांदा, मामांचा खांदा
सदर : दवाखान्याची सोबत



गेल्या महिन्यात गुडघ्यांविषयी लिहिलं आणि मंडळाच्या हळदीकुंकवाला तिघींनी मला बाजूला घेऊन एकच विचारलं, "आता खांद्याचं कधी?" एकीच्या सासूबाईंना ऑपरेशनची तारीख मिळालेली. दुसरीच्या मुलाचा खांदा क्रिकेट खेळताना दुसऱ्यांदा निखळलेला. तिसरी तर स्वतःच पंख्याचं बटण डाव्या हाताने लावायला लागलेली.

नेहमीसारखं आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. फाइल, चष्मा आणि पाण्याची बाटली सांभाळत दवाखान्यात सोबत जाणारी आहे. पण खांद्याच्या बाबतीत आमच्या घरी एक चूक झाली आणि दुसरी थोडक्यात टळली. दोन्ही सांगते, म्हणजे तुमच्या घरी उपयोग होईल.

चूक झाली ती अशी

दिवाळीच्या साफसफाईत आई ओल्या पायरीवरून घसरली. पडू नये म्हणून तिने कठडा धरला आणि सगळा भार उजव्या खांद्यावर आला. तेव्हा ती 71 वर्षांची होती. जवळच्या दवाखान्यात एक्स-रे काढला, हाड मोडलेलं नव्हतं. "फ्रोझन शोल्डर आहे, वेळ लागेल, शेक घ्या" असं सांगितलं. एक्स-रे नॉर्मल आहे हे ऐकून मीही निश्चिंत झाले. मग शेक, तेल, कुणीतरी सांगितलेला मालिशवाला, असं करता करता आठ महिने गेले. दुखणं कमी झालं, पण हात वर जाईना. वेणी घालायची तर डाव्या हाताने उजवा हात उचलून डोक्यावर ठेवायचा, आणि सोडला की तो खाली यायचा.

शेवटी एमआरआय केला तेव्हा कळलं की खांद्याचे स्नायूबंध पडतानाच फाटले होते. आठ महिन्यांत फाटलेली टोकं मागे सरकली होती आणि स्नायूच्या जागी चरबी भरू लागली होती. सर्जन शांतपणे म्हणाले, "पहिल्या दोन-तीन महिन्यांत आला असतात तर शिवता आलं असतं. आता शिवलं तरी टिकेल असं मला वाटत नाही."

एक्स-रेमध्ये हाड दिसतं, स्नायूबंध दिसत नाहीत. एवढी साधी गोष्ट मला माहीत नव्हती.

आणि टळली ती अशी

त्याच वर्षी मामांचा खांदा धरला. वय 54, मधुमेह जुना. पडणं-झडणं काही नाही, तरी रात्री कुशीवर झोपता येईना, शर्टाची बाही घालता येईना. त्यांचा एमआरआय मात्र लगेच झाला. त्यात "थोडी फाट" दिसली आणि पुढच्याच आठवड्याची ऑपरेशनची तारीख मिळाली. आईच्या अनुभवाने घाबरलेल्या आम्ही सगळ्यांनी "उशीर नको, करून टाका" असाच धोशा लावला. मामी मात्र म्हणाली, "अजून एकाला दाखवू."

दुसऱ्या डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि आधी खांदा तपासला. मामांना हात उचलायला सांगितला. मग स्वतः त्यांचा हात धरून उचलून पाहिला, तोही जाईना. कोपर कमरेला लावून हात बाहेरच्या बाजूला फिरवून पाहिला, तिथेही अडला. "हा खराखुरा फ्रोझन शोल्डर आहे. फाट थोडी आहे, पण दुखणं तिचं नाही," ते म्हणाले. साखर ताब्यात, एक इंजेक्शन, रोजचे व्यायाम. सव्वा वर्षाने मामांनी गणपतीत आरतीचं तबक दोन्ही हातांनी ओवाळलं. ऑपरेशन झालंच नाही.

आईच्या वेळी आम्ही नको तितकं थांबलो आणि मामांच्या वेळी नको तितकी घाई करत होतो. म्हणून खांद्याच्या बाबतीत "ऑपरेशन चांगलं की वाईट" हा प्रश्नच चुकीचा आहे. आधी विचारायचं ते हे, की नेमकं काय बिघडलंय आणि त्यात थांबून चालेल का.

खांदा असतो कसा

शरीरात सगळ्यात जास्त फिरणारा सांधा म्हणजे खांदा. दंडाच्या हाडाचा गोळा मोठा आणि त्याची खोबण उथळ, जणू छोट्या बशीवर ठेवलेलं मोठं लिंबू. ते लिंबू बशीवर धरून ठेवायचं काम चार स्नायूंचे बंध करतात. त्यांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. बशीच्या कडेला कुर्चेची किनार असते, आणि सगळ्याभोवती एक मऊ पिशवीसारखं आवरण असतं. आवरण आखडलं तर फ्रोझन शोल्डर. बंध फाटले तर कफची फाट. किनार उखडली तर खांदा पुन्हा पुन्हा निखळतो. गोळा-खोबण झिजली तर संधिवात. चारही ठिकाणी तक्रार "खांदा दुखतो" हीच असते, उपाय मात्र वेगळे.

घरच्या घरी एक गोष्ट बघता येते. दुसऱ्याने हळूच हात उचलून पाहावा. दुसऱ्यालाही उचलता येत नसेल तर आवरण आखडल्याचा संशय. दुसऱ्याला सहज उचलता येतो, पण सोडला की स्वतःला धरता येत नसेल, तर बंध फाटल्याचा संशय. हे निदान नव्हे, पण डॉक्टरांना नीट सांगता येतं. आईच्या बाबतीत आठ महिने हेच तर रोज आमच्या डोळ्यांसमोर होत होतं!

कुठे थांबायचं, कुठे नाही

*फ्रोझन शोल्डर.* साधारण चाळिशी ते साठीत होतो, बायकांमध्ये जास्त, मधुमेह आणि थायरॉइड असणाऱ्यांमध्ये तर फारच. आधी दुखणं, मग आखडणं, मग हळूहळू सुटणं, असा एक ते तीन वर्षांचा प्रवास असतो. बहुतेकांचं व्यायाम आणि इंजेक्शनवर भागतं. स्टिरॉइडच्या इंजेक्शनने मधुमेहींची साखर काही दिवस वाढते, म्हणून ती रोज तपासावी. महिनोन्महिने प्रयत्न करूनही हात सुटला नाही, तरच भूल देऊन सांधा मोकळा करणं किंवा दुर्बिणीतून आवरण सोडवणं हा विचार येतो.

*कफची फाट.* यात दोन प्रकार नीट ओळखा. वयाबरोबर विरत गेलेला बंध ही एक गोष्ट. साठीनंतर कितीतरी जणांच्या एमआरआयमध्ये काहीच दुखत नसताना अशी फाट दिसते. तिथे साधारण तीन महिने व्यायाम करून बघणं योग्य. पण चांगला चालणारा खांदा पडल्यावर एकाएकी कमजोर झाला, तर ती ताजी फाट समजा आणि काही आठवड्यांतच खांद्याच्या सर्जनला दाखवा. एमआरआय किंवा अनुभवी हाताने केलेली सोनोग्राफी इथे लागते. शिवण्याचं ऑपरेशन आता बहुधा दुर्बिणीतून होतं. हाडात छोटे खिळे, ज्यांना अँकर म्हणतात, ते बसवून त्यांच्या दोऱ्यांनी बंध परत हाडाला बांधतात.

*निखळलेला खांदा.* मैदानावर मित्राने ओढून बसवायचा नाही. आधी एक्स-रे, मग बसवणं. पहिल्यांदा निखळला तेव्हा वय जितकं कमी, तितकी तो पुन्हा निखळण्याची शक्यता जास्त. किनार परत शिवण्याच्या ऑपरेशनला बँकार्टचं नाव आहे. या ब्रिटिश सर्जनने 1923 मध्ये त्यावर लिहिलं होतं. पुन्हा पुन्हा निखळून खोबणीचं हाडच झिजलं असेल, तर नुसतं शिवून टिकत नाही. तिथे जवळच्या हाडाचा तुकडा स्क्रूने खोबणीच्या पुढे बसवतात, त्याला लाटार्जे म्हणतात. म्हणून दुसऱ्यांदा निखळलेल्या मुलाच्या आईने विचारायचा प्रश्न हा, "हाड किती झिजलंय, आणि ते सीटी स्कॅनवर मोजलंय का?"

*दंडाचं हाड वरच्या टोकाशी मोडणं.* म्हाताऱ्या माणसांत पडल्यावर हमखास होणारं. इथे प्लेट घालावीच लागते असं नाही. ब्रिटनमध्ये 250 रुग्णांवर केलेल्या एका मोठ्या अभ्यासात, जो 2015 मध्ये प्रसिद्ध झाला, सरकलेल्या हाडांसाठी ऑपरेशन केलेले आणि नुसती झोळी दिलेले, दोन्ही गट दोन वर्षांनी साधारण सारखेच होते. मात्र हाड मोडून सांधाही निखळला असेल, तर ती वेगळी गोष्ट.

*"हाड घासून जागा करू."* फाट नाही, तरी दुखतंय म्हणून खांद्याच्या छपराचं हाड दुर्बिणीतून घासायचं ऑपरेशन फार लोकप्रिय होतं. 'लॅन्सेट'मध्ये 2018 साली छापलेल्या ब्रिटिश अभ्यासात काही जणांचं हाड खरोखर घासलं आणि काही जणांच्या खांद्यात नुसती दुर्बीण घालून काढली. आराम दोघांना सारखाच! असं ऑपरेशन एकट्यानेच सुचवलं गेलं, तर दुसरं मत घ्याच.

*सांधा बदलणं.* गोळा-खोबण झिजलेली पण बंध शाबूत असतील तर नेहमीचा कृत्रिम सांधा. बंधही गेलेले असतील तर उलटा सांधा, म्हणजे गोळा खोबणीच्या जागी आणि खोबण दंडाकडे. फ्रान्समधल्या पॉल ग्रामों या सर्जनने 1980 च्या दशकात हा विचार रुजवला. यात फाटलेल्या बंधांचं काम खांद्यावरचा मोठा डेल्टॉइड स्नायू करतो. आईसमोर शेवटी हाच पर्याय उरला.

एक सावधगिरी. डावा खांदा दुखतोय आणि सोबत छातीत जड वाटतंय, घाम फुटतोय, दम लागतोय, तर तो खांदा नव्हे, हृदय असू शकतं. तडक इमर्जन्सीत जा. खांदा लाल-गरम होऊन ताप आला, तरीही त्याच दिवशी दाखवा.

सर्जन कसा निवडायचा

आपल्याकडे सर्जन निवडला जातो तो "आमच्या शेजाऱ्यांचं छान झालं" यावर. शेजाऱ्यांचा गुडघा होता आणि आपला खांदा आहे, हे कुणी बघत नाही!

पहिली पायरी पदवीची. एम.बी.बी.एस.नंतर एम.एस. ऑर्थोपेडिक्स किंवा डी.एन.बी. ऑर्थोपेडिक्स हे तीन वर्षांचं शिक्षण. डी. ऑर्थो हा दोन वर्षांचा डिप्लोमा. त्यापुढे खांदा किंवा आर्थ्रोस्कोपीची फेलोशिप. ती काही आठवड्यांचीही असते आणि वर्षभराचीही, म्हणून "कुठे केलीत, किती दिवसांची?" हे विचारण्यात काही गैर नाही. नियमानुसार डॉक्टरांनी चिठ्ठीवर आपला नोंदणी क्रमांक लिहायचा असतो. तो राज्याच्या मेडिकल कौन्सिलच्या किंवा नॅशनल मेडिकल कमिशनच्या यादीत ऑनलाइन तपासता येतो. दोन मिनिटांचं काम आहे, आणि ते पुण्या-बंगळुरूला बसलेल्या मुलामुलींनाही करता येतं.

दुसरी पायरी हाताच्या सवयीची. जे ऑपरेशन सर्जन वारंवार करतो, ते त्याच्या हातून चांगलं होतं. मोठं नाव गुडघ्यांसाठी असेल आणि खांदा वर्षातून दोन-चारच होत असतील, तर त्याच शहरात कमी नावाजलेला पण रोज खांदे करणारा कुणी बरा.

तिसरी पायरी प्रश्नांची. आम्ही एका वहीत लिहून नेलेले हे प्रश्न तुम्हीही उतरवून घ्या.

1. नेमकं निदान काय? खांदा तपासून तेच वाटतंय की फक्त रिपोर्टवरून?
2. आत्ता ऑपरेशन नाही केलं तर सहा महिन्यांनी काय होईल?
3. ऑपरेशनशिवाय काय काय उपाय आहेत आणि ते किती दिवस करून बघायचे?
4. हेच ऑपरेशन गेल्या वर्षी तुम्ही किती केलीत?
5. या वयात, या साखरेत, टिकण्याची शक्यता किती? जंतुसंसर्ग, नसेला इजा, खांदा आखडणं, पुन्हा फाटणं, यांचा धोका किती?
6. झोळी किती दिवस, व्यायाम कधीपासून, आणि फिजिओथेरपी कोण बघणार?
7. अँकर किंवा सांधा कोणत्या कंपनीचा, किती नग, आणि एकूण खर्च लेखी मिळेल का?

उत्तरांइतकीच उत्तर देण्याची तऱ्हाही बघा. सहाव्या प्रश्नाला "ते नंतर बघू" म्हणणाऱ्याकडून मी घरातलं माणूस घेऊन परत येईन. शिवलेला बंध हाडाला चिकटायला आठवडे लागतात. झोळी साधारण चार ते सहा आठवडे, जोर लावण्याचे व्यायाम तीन महिन्यांच्या आसपास, आणि पूर्ण फायदा दिसायला सहा महिने ते वर्ष. ऑपरेशन दीड-दोन तासांचं असलं, तरी खरं काम त्यानंतर घरात चालतं.

दुसरं मत घेताना संकोच करू नका. "डॉक्टरांना वाईट वाटेल" ही आपल्या पिढीची भीती. चांगल्या डॉक्टरला वाईट वाटत नाही, आणि दुसरं मत घेणं हा रुग्णाचा हक्क मानला आहे. कागदपत्रं मागितल्यावर 72 तासांच्या आत द्यायची, असा डॉक्टरांसाठी 2002 पासून नियम आहे. एमआरआयचा नुसता रिपोर्ट नाही, तर फिल्म किंवा सीडीही घ्या. सर्जन चित्र स्वतः बघतो.

घरातली तयारी

तारीख ठरण्याआधी साखर ताब्यात आणा, तंबाखू-सिगरेट बंद करा. दोन्हींमुळे बंध नीट जुळत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांनाही सांगा, स्वतःहून बंद करू नका. विम्याची मंजुरी आधी घ्या. घरातलं माणूस 70 किंवा त्याहून मोठं असेल, तर आयुष्मान वय वंदना कार्डात हे ऑपरेशन आणि हे रुग्णालय बसतं का, ते विचारा. पुढून बटणं असलेले ब्लाउज, गाऊन किंवा सदरे काढून ठेवा. पहिले काही दिवस आडवं झोपवत नाही, तेव्हा आरामखुर्ची किंवा चार उशा लागतात. स्वयंपाकघरातली रोजची भांडी कमरेच्या उंचीवर आणा. हात सुन्न करणारं इंजेक्शन दिलं असेल तर अर्धा ते एक दिवस हात जड, निर्जीव वाटतो. ते माहीत नसेल तर घरचे घाबरतात.

आणि परगावी असलेल्या मुलांनो, सुट्टी ऑपरेशनच्या दिवसाची घेता, ती थोडी राखून ठेवा. त्या दिवशी दवाखान्यात माणसं पुष्कळ असतात. तिसऱ्या आठवड्यात, पाहुणे येऊन गेल्यावर, व्यायामाला कंटाळलेल्या आईजवळ बसायला कुणी नसतं. तेव्हा या.

आईचं पुढे काय झालं

तिच्या सर्जननी लगेच तारीख दिली नाही. त्यांनी विचारलं, "आजी, या हाताने तुम्हाला काय करायचंय?" आईने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "माझी वेणी मला घालायचीय." तीन महिने डेल्टॉइडचे व्यायाम करून पाहिले. दुखणं गेलं, हात थोडा वर आला, पण डोक्यापर्यंत पोचेना. मग उलट्या सांध्याचं ऑपरेशन केलं. सहाव्या महिन्यात एका सकाळी ती आरशासमोर उभी राहून वेणी घालताना दिसली. पाठीमागचा हूक अजून लागत नाही आणि लागणारही नाही, हे तिला आधीच सांगितलं होतं. जड बादली आयुष्यभर उचलायची नाही, हेही. पुढे कधी गरज पडली तर असावा म्हणून तिच्या सांध्याचा स्टिकर फाइलमध्ये चिकटवून ठेवलाय.

लोक म्हणतात, "झालं ना छान, मग काय?" झालं. पण दिवाळीनंतरच्या पहिल्या महिन्यात कुणी तिचा हात धरून उचलून पाहिला असता, आणि "मला उचलता येतोय, मग तुला का नाही?" एवढं विचारलं असतं, तर कदाचित तिचा स्वतःचा सांधा राहिला असता. ते कुणी म्हणजे मीच होते.

पुढच्या महिन्यात मोतीबिंदूबद्दल बोलू. तोवर घरातलं कुणी पंख्याचं बटण दुसऱ्या हाताने लावताना दिसलं, तर त्यांचा हात एकदा उचलून बघा.